ठोकलेली गाडी, चेपलेला पत्रा आणि आतली माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला नातेवाईक दोन वेळा हमखास फोन करतात: गाडी घेताना आणि गाडी ठोकल्यावर. मी शिक्षणाने इंजिनियर नाही. पण गेली पंधरा-सोळा वर्षं बहुतेक रविवारी सकाळी भोसरीतल्या एका ओळखीच्या डेंटरच्या शेडमध्ये जाऊन बसतो. बंपर उतरवायला, पत्रा सोलायला हात लावतो. शेकडो ठोकलेल्या गाड्या जवळून पाहिल्या. त्या पाहताना जे कळलं आणि जे मुद्दाम वाचून समजून घेतलं, ते इथे प्रश्नोत्तरांत लिहिलं आहे.

समोरच्या धडकेत गाडीचं नाक पार चेपलं. कंपन्या पत्रा इतका हलका का वापरतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच्या पायांवर धडधाकट उभा असतो, आणि त्याचं उत्तर तिथेच असतं. नाक चेपलं म्हणून तो वाचला.

ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी भिंतीवर आदळली, तर ती सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखं आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. वेग १०० असेल तर ही उंची ३९ मीटरपर्यंत जाते, बारा-तेरा मजले. एवढी ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. बॉनेटखाली डाव्या-उजव्या बाजूला पोलादाच्या दोन लांब चौकोनी तुळया असतात. त्यांच्या पुढच्या टोकाशी मुद्दाम खाचा आणि दुमडी ठेवलेल्या असतात, म्हणजे दणका बसला की त्या पेटीच्या भात्यासारख्या एकावर एक मिटत जातात. ताशी ५० च्या धडकेत गाडी ६० सेंटिमीटर चेपत थांबली, तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण सोळा पट जोर येतो. बेल्ट असेल तर धडधाकट माणूस हे सोसू शकतो. तीच गाडी जेमतेम १० सेंटिमीटर चेपून थांबली, तर हा आकडा शंभरच्या जवळ पोचतो. मग बेल्टही वाचवत नाही. छातीच्या आत हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाटू शकतात.

ही कल्पना नवी नाही. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिचं पेटंट घेतलं आणि १९५९ मध्ये तशी गाडी रस्त्यावर आली. पुढचा-मागचा भाग चेपणारा, मधला पिंजरा, म्हणजे माणसं बसतात तो भाग, घट्ट.

म्हणून ठोकलेली गाडी समोर आली की मी नाकाकडे नंतर बघतो. आधी समोरच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब बघतो. ते सरळ आहेत का? छपराला सुरकुती पडली आहे का? दार हाताने उघडतं की कटर लागला? पेडल आत किती सरकलं? नाक संपूर्ण गेलंय आणि चारही दारं नीट उघडतायत, अशी गाडी दिसली की मी तिच्या बॉनेटवर हात ठेवतो. खूप मोठं काम केलेलं असतं तिने.

मग जुन्या गाड्या दणकट होत्या, हे वडील सांगतात ते चुकीचं का?

दणकट होत्याच. अँबॅसिडरचा मडगार्ड खांबाला घासला तर खांबाचा रंग जायचा. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीचा पत्राही ठोकून सरळ करता यायचा. हळू वेगातल्या घासाघाशीत या गाड्या खरंच कमी खराब व्हायच्या, त्यामुळे वडिलांचा अनुभव खरा आहे. वेग वाढला की मात्र चित्र उलटतं.

अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने एक चाचणी घेतली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी ६४ च्या आसपास, समोरासमोर, नाकाच्या एका बाजूने आदळवल्या. बेल एअर म्हणजे लांबलचक, जाड पत्र्याची, क्रोमने मढवलेली गाडी. तिचा पिंजराच कोसळला. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग आत बसवलेल्या माणसाच्या पुतळ्याच्या अंगावर आलं, समोरचा खांब मागे लोटला गेला. मालिबूचं नाक संपलं, पण प्रवाशांची जागा जशीच्या तशी राहिली. तिच्या पुतळ्याला पायाची किरकोळ दुखापत नोंदली गेली. वडिलांशी वाद घालत बसू नका, त्यांना या चाचणीची चित्रफीत दाखवा. माझे वडील ती पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि आम्ही चौघं पुढे बसायचो."

शोरूममध्ये बॉनेट दाबून किंवा दार वाजवून मजबुती कळते का?

नाही. दाराचा "धप्प" आवाज रबर आणि आतल्या पॅडिंगमुळे येतो. बाहेरचा पत्रा ही गाडीची कातडी, हाडं आत असतात. अंगठ्याने दबणाऱ्या पत्र्याच्या आत १५०० मेगापास्कल ताकदीच्या पोलादाचा खांब असू शकतो आणि जाडजूड दिसणाऱ्या पत्र्याच्या आत काहीच नसू शकतं.

पाच स्टार म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना स्टार देण्याची चाचणी, सुरू झालं. गाडी ताशी ६४ किलोमीटरने, नाकाच्या ४० टक्के भागाने, चेपू शकणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. बाजूने ताशी ५० ची धडक देतात आणि ताशी २९ ने खांबावर आडवी आपटतात. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण. पाच स्टारला किमान २७ आणि ४१ लागतात. ही चाचणी कंपनीने स्वतःहून करून घ्यायची असते, त्यामुळे "स्टार नाहीत" याचा अर्थ गाडी नापास झाली असा होत नाही; अनेकदा चाचणीच झालेली नसते.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट २०१४ सालची आहे. अशाच चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने तेव्हा आपल्या बाजारातल्या पाच गाड्या आदळवल्या: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्य स्टार. आकडा सारखाच, पण आतली गोष्ट वेगळी होती. पोलो आणि फिगोचा पिंजरा टिकला होता. बाकी तिघींचा कोसळला. पोलोला पुढे दोन एअरबॅग लावून पुन्हा चाचणी झाली आणि तिला चार स्टार मिळाले. कोसळलेल्या पिंजऱ्यात एअरबॅग लावून काही साधणार नव्हतं, हे तेव्हाच्या अहवालातच लिहिलं होतं. एअरबॅगला उघडायला जागा लागते, आणि ती जागा पिंजरा देतो. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले, आपल्या देशात बनलेल्या आणि इथेच विकल्या जाणाऱ्या गाडीला पहिल्यांदाच, तेव्हा भोसरीच्या शेडमध्ये आम्ही चहा-भजी मागवली होती.

एक लक्षात ठेवा. ६४ हा वेग चाचणीचा आहे. ताशी ८० ला ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, १०० ला जवळजवळ अडीचपट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची कायदेशीर मर्यादाच १०० आहे. तिथे पाच स्टार तुमच्या बाजूने असतात, पण तेवढ्यावर विसंबून वेग वाढवू नका.

जड एसयूव्ही घेतली की प्रश्न मिटला?

दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर जड गाडीचं फावतं, हे खरं. पण खांब, झाड किंवा उभा कंटेनर तुमच्या वजनाला घाबरत नाही. तिथे तुमचं स्वतःचं वजनच जिरवायचं असतं. शिवाय उंच गाडी कलंडते लवकर. वजनापेक्षा आधी पिंजरा, मग बेल्ट, मग गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा बघा. टचस्क्रीनच्या इंचांसाठी ईएससी सोडणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

अपघात झाला, एअरबॅग उघडलीच नाही. कंपनीने फसवलं का?

प्रत्येक वेळी नाही. समोरच्या एअरबॅग समोरच्या जोरदार धडकेसाठी असतात. मागून धडक बसली, गाडी कलंडली किंवा धडक हलकी असली तर त्या उघडू नयेत अशीच रचना असते. गाडी किती झटक्यात थांबतेय हे सेन्सर मोजतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निर्णय घेतो. ट्रकच्या मागे खाली घुसलेल्या गाडीत तर खालच्या तुळयांना दणकाच बसत नाही, धडक वर काचेपाशी होते, आणि एअरबॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही.

बाजूच्या एअरबॅगबद्दल मात्र एक चूक आपण हौसेने करतो. त्या सीटच्या शिवणीतून फाटून बाहेर येतात. त्यावर बाहेरून जाड रेक्झिनचं कव्हर चढवलं की वाटच बंद. सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली आहे का बघा; असेल तर कव्हर काढा, कितीही महागाचं असो.

मागच्या सीटवर बेल्ट खरंच लागतो?

लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले प्रवासी गेले. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, एअरबॅग भरपूर होत्या. त्यानंतर काही आठवडे सगळीकडे मागचे बेल्ट सीटच्या फटीतून उकरून काढले गेले. माझ्या ओळखीतल्या बहुतेक गाड्यांत ते आता परत फटीत गेलेत.

नियम जुनाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ (३) नुसार समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे आणि न लावल्यास कलम १९४ ब खाली १,००० रुपये दंड. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं मोटार अपघातांत गेली. त्यातले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते.

मागचा माणूस बेल्टविना असेल तर तो पुढच्या सीटवर पूर्ण वेगाने आदळतो, आणि पुढे बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेला माणूस सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये चिरडतो. हे मी आईला एकदाच सांगितलं, "तू बेल्ट लावला नाहीस तर माझा जीव धोक्यात येतो." त्यानंतर मला आठवण करावी लागलेली नाही.

शेडमध्ये एका खिळ्यावर बेल्टचा एक तुकडा टांगून ठेवलाय. धडक बसलेल्या गाडीतला. लांबून नवा वाटतो. हातात घेऊन उजेडाकडे धरा: खांद्याजवळच्या कडीतून तो जिथे सरकला, तिथे चार बोटं रुंदीत तंतू वितळून चकचकीत झालेत, नखाला कडक लागतात. कडीच्या प्लॅस्टिकचा काळा रंग त्यात उतरलाय. एका माणसाचं वजन त्या क्षणी एवढं झालं होतं. तो माणूस पोट-छातीवर निळी पट्टी घेऊन दुसऱ्या दिवशी गाडी बघायला स्वतः आला होता.

बेल्टची पिरपिर थांबवण्यासाठी नुसती क्लिप खोचणाऱ्यांनी तो तुकडा हातात घ्यावा असं मला वाटतं. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या क्लिपा ऑनलाइन विकायला बंदी केली. गाड्यांत त्या अजूनही दिसतात.

बाळाला मांडीवर घट्ट धरून बसलं तर?

ताशी ५० च्या धडकेत दहा किलोचं बाळ दीड-दोनशे किलोच्या पोत्यासारखं ओढलं जातं. कुठल्याही आईचे, कुठल्याही पैलवानाचे हात ते धरू शकत नाहीत. बाळासाठी चाइल्ड सीट, मागच्या सीटवर, शक्य तितकी वर्षं तोंड मागे करून. बाळ रडेल. रडू दे.

पुढे बुल गार्ड लावू का? गावाकडे गुरं आडवी येतात.

नको. तो जाड पाइप थेट तुळयांना किंवा चेसिसला जोडलेला असतो. मिटणाऱ्या भात्याच्या पुढे लोखंड लावून तुम्ही भाताच बांधून टाकता, आणि सेन्सरला मिळणारा इशाराही बिघडवता. पायी चालणाऱ्या माणसाला तो गुडघ्यात किंवा मुलाच्या डोक्यात लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं होतं. गुरांसाठी वेग कमी ठेवा, हेडलाइट नीट लावून घ्या.

महामार्गावर सगळ्यात घातक धडक कुठली?

माझ्या पाहण्यात, उभ्या किंवा रांगणाऱ्या ट्रकच्या मागे बसलेली. मी वर ज्याचं इतकं कौतुक केलं ते सगळं, तुळया, भाता, सेन्सर, हे मोटारीच्या गुडघ्याच्या उंचीला असतं. ट्रकचा हौदा त्याच्या वर असतो. मोटार खाली घुसते आणि पहिला दणका काचेला, खांबांना, माणसांच्या तोंडाला बसतो. यासाठीच ट्रकच्या मागे खाली आडवा पोलादी दांडा असणं नियमाने बंधनकारक आहे. पण महामार्गावर मागून नीट बघत गेलात तर वाकलेले, नुसत्या पट्टीचे, तारेने बांधलेले दांडे किती दिसतात ते मोजा. लाल दिव्यांवर चिखल, रेडियमची पट्टी गळालेली. रात्री कडेच्या लेनमध्ये ट्रकच्या मागे राहू नका, डुलकी यायला लागली तर फूड मॉलला थांबा.

बंपरला नुसतं खरचटलंय. तो उतरवून बघायची गरज आहे?

आहे, आणि हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. शिरवळजवळ रांगेत उभा होतो, मागून टेंपो आला आणि ठोकून थांबला. खाली उतरून पाहिलं तर बंपरवर दोन ओरखडे, नंबरप्लेट वाकडी. डिकी नीट लागत होती. प्लॅस्टिकचा बंपर आत दबून पुन्हा फुगून जागेवर आला होता. ज्या वर्कशॉपमध्ये नेली तिथे बंपरला पॉलिश मारून, क्लिपा बदलून दोन तासांत गाडी परत दिली. आत बघितलं का विचारलं, तर म्हणाले, काही नाही साहेब.

जुलैत स्टेपनी काढायला गेलो तर खळग्यात पाणी साचलेलं. चटई उचलली. डिकीच्या फरशीला आडवी एक सुरकुती पडली होती, बोट फिरवलं तर कळावी इतकीच, आणि तिच्या शेवटाला जोडाचं सीलंट फाटून तिथून पाणी येत होतं. भोसरीला नेऊन बंपर उतरवला. आतली पोलादी आडवी बीम मधोमध वाटीसारखी खोलगट झाली होती, आणि तिला धरणारे दोन्ही डबे अर्धे मिटलेले. म्हणजे पुढचे चार महिने मी बायको-मुलीला मागे बसवून ज्या गाडीतून फिरलो, तिचा मागचा बचाव आधीच वापरून संपलेला होता.

ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. म्हणून सांगतो: धडक जाणवली असेल तर बंपर उतरवाच, आणि उतरवताना स्वतः समोर उभे राहा.

डेंटर म्हणतो, खांब गरम करून सरळ करून देतो. करू?

नाही. दारं ज्या खांबाला लागतात तो मधला खांब आजकालच्या गाड्यांत तापवून साच्यात एकदम थंड केलेल्या पोलादाचा असतो. त्याची ताकद त्या थंड करण्यात आहे. गॅसच्या ज्योतीने पुन्हा लाल केला की ती गेली. दिसायला सरळ होईल, वर लांबी (पुटी) आणि रंग बसेल, तुम्हाला कधीच कळणार नाही. पुढच्या आडव्या धडकेत तो आत येईल. बाहेरचा पत्रा, मडगार्ड, दाराची कातडी खुशाल ठोकून घ्या. आपले कारागीर त्यात जगात कुणाला हार जाणार नाहीत. हाडांना मात्र कंपनीने सांगितलेल्या जागीच कापून नवा भाग जोडायचा आणि गाडी मापाच्या बाकावर लावून तपासायची.

अपघातानंतर बेल्ट बदलावे लागतात का?

जोरात धडक झाली असेल तर हो. बेल्टच्या गुंडाळीत एक छोटा बार (फटाक्यासारखी दारू) असतो, तो धडकेच्या क्षणी बेल्ट मागे खेचतो. एकदा उडाला की संपला. बेल्ट ओढला तरी येत नसेल किंवा आत जात नसेल तर बार उडालेला असू शकतो. एअरबॅगसोबत तिचं कंट्रोल युनिटही बदलायचं की नाही, हे कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद मागून घ्या आणि वाचा.

विमा कंपनी किती देते? टोटल लॉस कधी होतो?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरवर ३० टक्के, काचेवर काही नाही. लोखंडी भागांवर वयानुसार, दहा वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. म्हणजे एअरबॅग उघडल्या की अर्धे पैसे तुमचे. इथेच लोक पैसे वाचवायला डॅशबोर्ड शिवून घेतात आणि आत एअरबॅग टाकतच नाहीत. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घ्या, निदान पहिली पाच वर्षं.

सेकंडहँड गाडी ठोकलेली आहे हे ओळखायचं कसं?

सकाळच्या उजेडात, गाडी धुतलेली नसताना बघा. बॉनेट उघडा आणि मडगार्डच्या, बिजागरांच्या बोल्टांची डोकी न्याहाळा. कारखान्यात बोल्ट लागल्यावर रंग चढतो. पान्याने फिरवलेल्या बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला असतो. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात का? हाताने केलेलं वेल्डिंग ओघळतं. दारांचं रबर ओढून आतली कड बघा. डिकीची चटई उचला, ते मी कधीच विसरत नाही. काचांवरच्या शिक्क्यांत एखादीचं वर्ष वेगळं असेल तर का बदलली ते विचारा.

मग चावी फिरवा. एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. अजिबात लागलाच नाही तर त्याहून वाईट, कुणीतरी तो काढून टाकलाय. शेवटी चारही बेल्ट टोकापर्यंत ओढून काढा. बुडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर तारीख असते. ती गाडीच्या तारखेच्या आसपासची हवी. माझ्या मामेभावाने पसंत केलेल्या २०१७ च्या गाडीत चालकाच्या बेल्टवर २०२१ ची चिठ्ठी निघाली, आणि शेजारच्या बेल्टवर २०१७ ची, कडीजवळ तंतू चकचकीत झालेले. विकणारा म्हणत होता गाडीला कधी ओरखडाही नाही. आम्ही चावी त्याच्या हातात ठेवली आणि रिक्षाने घरी आलो.